हळद लागलेला अर्ज आणि बेडकांचे चित्र

तालुक्याच्या कचेरीसमोर, मुद्रांक विक्रेत्याच्या शेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंत. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म मुदतीनंतर स्वीकारावा असा विनंतीअर्ज मी स्वतःच लिहिला होता आणि तो मंजूरही झाला होता. परीक्षा तेवढी राहून गेली. परंतु सातबाऱ्यावरील चुकीच्या नावापासून शिक्षकाच्या बदलीपर्यंत आणि हातपंपापासून निराधार पेन्शनपर्यंत असा विषय क्वचितच असेल, ज्यात मी शासनाला अत्यंत नम्रपणे कोंडीत पकडलेले नाही. हे मी आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. पुढे जो प्रसंग सांगणार आहे त्यात माझ्या अर्जाचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. सबब माझी पात्रता आधीच नोंदवून ठेवलेली बरी.

आमची एकुलती एक मुलगी जर्मनीत येना येथे प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट करीत होती. तिच्या शेवटच्या वर्षी, एप्रिलच्या अखेरीस, मी आणि सौभाग्यवती तीन महिन्यांच्या व्हिसावर तिच्याकडे जाऊन राहिलो. व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'प्रवासाचा हेतू' लिहिण्यासाठी दीड ओळ सोडलेली होती. दीड ओळीत आजवर कोणाचाही हेतू मावलेला मी पाहिलेला नाही, म्हणून मी दोन पानांची पुरवणी जोडली. खिडकीवरच्या बाईंनी ती न वाचता परत केली आणि व्हिसा मात्र दिला.

मुलीचे घर शहराच्या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी, एका अकरा मजली इमारतीत आठव्या मजल्यावर होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि जिन्यात चिकटवलेला नियमांचा कागद. रविवारी ड्रिल चालवू नये, दुपारी एक ते तीन आवाज करू नये, काचेच्या बाटल्या रंगांप्रमाणे वेगवेगळ्या टाकाव्यात. मुलगी तो कागद वाचून दाखवताना हसत होती. मी हसलो नाही. जिन्यासाठीसुद्धा जिथे परिपत्रक निघते तो देश अर्जनवीसाला परका नाही, हे मी तिथेच ओळखले.

"बाबा, टेकडीवर फिरून या ना," मुलगी रोज सकाळी कामावर जाताना म्हणे. "सगळ्यांचे आईबाबा फिरतात इथे."

"फिरायला कारण असावं लागतं."

"हवा चांगली आहे, हे कारण नाही?"

"ते निमित्त झालं."

"अहो, जा बरं," सौभाग्यवती आतून म्हणे. "त्या वॉशिंग मशीनच्या सूचना तिसऱ्यांदा वाचताय. जर्मन येतं तरी का तुम्हाला?"

जर्मन येत नव्हते हे खरे. परंतु मजकुराची मांडणी कळायला भाषा यावीच लागते असे नाही. त्या सूचनांत इशारे आधी होते आणि उपयोग नंतर. हा क्रम चुकीचा आहे असे माझे मत झाले होते.

नवव्या दिवशी मुलगी दुपारीच घरी आली. बूट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि पिशवीतून एक कागद काढून तिने टेबलावर उपडा ठेवला. उपड्या ठेवलेल्या कागदात काय लिहिलेले असते हे मला दारातूनच कळते.

"नाकारला?" मी विचारले.

"दुसऱ्यांदा."

मग तिने सांगितले ते असे. येनाहून ट्रेनने दीड तासावर एक लहानसे गाव आहे, तिथे एक जुना राजवाडा आहे, आणि त्या राजवाड्यात शाईने काढलेल्या जुन्या चित्रांचा संग्रह आहे. ही चित्रे भिंतीवर टांगत नाहीत. उजेडाने कागद पिवळा पडतो, शाई फिकटते. म्हणून चित्रे पेट्यांत, पेट्या कपाटांत आणि कपाटे अंधाऱ्या खोलीत. एखादे पाहायचे असेल तर अर्ज करावा लागतो. त्याला तिकडे आन्ट्राग म्हणतात. तो मंजूर झाला की चित्र टेबलावर आणून ठेवतात आणि वेळ संपली की परत अंधारात नेतात. अर्ज केल्यावाचून साधे चित्रही पाहता येत नाही, ही व्यवस्था ऐकून मला त्या देशाविषयी मनापासून आदर वाटला. मात्र मुलीचा चेहरा पाहून तो मी बोलून दाखवला नाही.

तिला त्या संग्रहातले एकच चित्र हवे होते. चार-पाचशे वर्षांपूर्वी, ज्या काळाला रेनेसाँ म्हणतात त्या काळात, इटलीत कोणा चित्रकाराने पक्ष्याच्या पिसाच्या लेखणीने काढलेले.

"ती जुनी शाई आपल्याला तपकिरी दिसते," मुलगी म्हणाली. "पण डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो ना बाबा, इन्फ्रारेड, त्यात ती पारदर्शक होते. गायबच. आणि तिच्याखाली चित्रकाराने आधी कोळशाने काही काढलं असेल, तर तेवढं उरतं. माझ्या थीसिसचं शेवटचं चॅप्टर तेच आहे. आतापर्यंत सगळी सॅम्पल्स मीच बनवलेली. खाली काय आहे ते मला आधीच माहीत असतं. एक तरी खरं जुनं चित्र पाहिजे, ज्याच्याखाली काय आहे ते कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे अंतिम प्रत बाजूला सारून कच्चा मसुदा वाचायचा."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "गेनाऊ," ती म्हणाली. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. तो शब्द त्या दिवशी आणखी दोन-तीनदा तिच्याकडून मिळवण्याचा मी प्रयत्न केला, परंतु यश आले नाही.

नकाराचे कारण पत्रात स्वच्छ होते. सदर चित्र गेल्या वर्षी एका प्रदर्शनात तीन महिने उजेडात राहिले होते. त्यामुळे आता पाच वर्षे त्याला अंधारात विश्रांती. आणि मुलीचे श्टिपेन्डियुम, म्हणजे शिष्यवृत्ती, सप्टेंबरअखेर संपत होते. त्यानंतर तिचा इन्फ्रारेड कॅमेरा दुसऱ्या कोणाकडे जाणार होता आणि प्रबंध शेवटच्या प्रकरणावाचून राहणार होता. तिच्या गुरूंनी तसे स्पष्ट सांगितले होते. आमच्या घराण्यात राहून गेलेली एक परीक्षा पुरेशी आहे असे मला वाटत होते.

"चित्र आहे तरी कसलं?" सौभाग्यवतीने तव्यावर पोळी टाकत विचारले.

कथा ग्रीकांच्या पुराणातली. देवांच्या राजाची एक प्रिया, जुळ्या तान्ह्यांची आई, राणीच्या मत्सरापायी देशोधडीला लागलेली. उन्हातून चालत ती एका तळ्यापाशी येते आणि पाण्यासाठी गुडघे टेकते. काठावरचे गावकरी तिला अडवतात. ती विनवते, पाणी कोणा एकाचे नसते म्हणते, मुलांकडे बोट दाखवते. गावकरी उत्तरादाखल तळ्यात उतरतात आणि नाचून नाचून तळाचा गाळ वर आणतात. तेव्हा ती हात उंच करून म्हणते, मग राहा कायमचे इथेच. आणि त्यांचे बेडूक होतात. चित्रात नेमका तोच क्षण होता; गावकऱ्यांची तोंडे नुकती रुंद होऊ लागलेली.

"तळं त्यांच्या मालकीचं नव्हतंच," मी म्हणालो. "ते नुसते काठावर उभे होते. सगळ्या कचेऱ्यांत असंच असतं."

"पण बेडूक करून शिक्षा काय झाली?" सौभाग्यवती म्हणाली. "पाण्यातच ठेवलं की त्यांना. वाळूत सोडायचे होते."

"आई, ती देवी होती."

"असेल. रागाच्या भरात नीट विचार झालेला नाही."

जेवणानंतर मी मुलीचे दोन्ही अर्ज मागितले. ते कागदावर नव्हतेच. ईमेलने गेले होते. तिने ते मराठीत वाचून दाखवले. प्रत्येकी चार ओळी. मी अमुक संशोधक, मला तमुक चित्र हवे, माझी मुदत सप्टेंबरमध्ये संपते, कृपया कळवावे.

"यात तू तुझी अडचण लिहिलीस," मी म्हणालो.

"मग कोणाची लिहू?"

"त्यांची. अर्जदाराच्या अडचणीशी अधिकाऱ्याला कर्तव्य नसतं. त्याची स्वतःची एक भीती असते, ती त्याने फायलीखाली झाकून ठेवलेली असते. अर्ज त्या भीतीविषयी लिहायचा. आणि एकदा नकार दिलेल्या माणसाकडे पुन्हा होकार मागायचा नाही. तो जुनाच नकार उचलून हातावर ठेवतो. त्याच्याकडे अट मागायची."

"अट कशी मागतात?"

"काय केलं म्हणजे आपली खात्री पटेल, एवढंच विचारायचं. अट सांगण्यात कोणाचं काही जात नाही. पण एकदा सांगितली की माणूस तिला बांधला जातो."

मुलगी थोडा वेळ टेबलावरचे पीठ बोटाने गोळा करीत राहिली. "आल्झो," ती म्हणाली. हा तिकडचा 'बरं तर'. "लिहा तुम्ही. मी जर्मनमध्ये करते."

मी दोन दिवस लिहीत होतो. चार फुलस्केप पाने भरली, आणि त्यात एकही शब्द फाजील नव्हता. भाषांतर करताना मात्र मुलीने वेगळी भूमिका घेतली.

"'आपण कलेच्या क्षीरसागरातील शेषशय्या आहात' हे मी लिहिणार नाही, बाबा."

"का, खोटं आहे?"

"संग्रहाच्या प्रमुख बाईंना वाटेल मी त्यांना गादी म्हणतेय."

"बरं. 'आपल्या चरणरजांचा' हा परिच्छेद?"

"गेला."

"वंशवृद्धीच्या शुभेच्छा?"

"बाबा, त्या साठ वर्षांच्या आहेत."

एका गोष्टीत मात्र तिने मला पूर्ण समाधान दिले. संग्रहाच्या प्रमुख असलेल्या बाईंनी दोनदा डॉक्टरेट केलेली होती, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे पाकिटावर नावाआधी डॉक्टर हा शब्द दोनदा लिहावा लागला. मी तो दोनदा मोजून पाहिला. चार पानांचा अर्ज शेवटी सव्वा पानावर आला. पण जो गाभा होता तो राहिला. आपली भीती रास्त आहे. मी जो प्रकाश आणणार आहे तो रंग उडवणारा नव्हे, परंतु माझ्या शब्दावर आपण विश्वास का ठेवावा? सबब आपणच एखादी कसोटी सांगावी. ती पार पडली नाही तर मी पुन्हा विचारणार नाही.

अर्ज कागदावरच गेला पाहिजे, हा माझा आग्रह होता. मुलीने जाड कागदावर छापून आणला, सही केली आणि सकाळी टपालात टाकायचा म्हणून टेबलावर ठेवून ती आंघोळीला गेली. तेवढ्यात सौभाग्यवतीने हळदीचा डबा उघडला, बोट किंचित ओले केले आणि अर्जाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावली. आमच्याकडे शुभकार्याचा कागद कोऱ्या कोपऱ्यांनी घराबाहेर पडत नाही. मुलीच्या पहिल्या शाळेच्या प्रवेशअर्जालाही ती लावली होती. मी हे पाहिले आणि हरकत घेतली नाही. कागदाच्या तीन सरळ घड्या घातल्या, पाकिटात सरकवला, पाकीट चिकटवले. मुलीने ते पाहिलेही नाही.

त्यानंतर पंधरा दिवस काही आले नाही. मे महिन्याचे लख्ख ऊन पडू लागले होते. संध्याकाळी आठ-नऊ वाजेपर्यंत उजेड. मुलगी रोज घरी येताना खालची टपालपेटी उघडे, आणि तो आवाज मी आठव्या मजल्यावरून ऐकतो असा माझा दावा होता. सौभाग्यवतीच्या मते तो लिफ्टचा आवाज होता.

मग एका गुरुवारी मुलगी आली ती दारातूनच म्हणाली, "आई, अर्जाला हळद लावली होतीस?"

"लावली होती. का, लागली नाही?"

"लागली. म्हणून तर फोन आला."

संग्रहात बाहेरचा कागद आला आणि त्यावर काही संशयास्पद दिसले की तो वेगळा काढून ठेवतात; कागदाबरोबर बुरशी येते, कीड येते. आमचे पाकीट उघडताच टेबलावर पिवळी पूड सांडली. बाईंनी अर्ज चिमट्याने उचलला, चित्रांपासून दूर, आपल्या खोलीच्या खिडकीच्या कठड्यावर पसरून ठेवला, उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर शिशाचे वजन ठेवले आणि हात धुतले. तिथे तो दोन आठवडे उन्हात पडला. नकाराचे तिसरे पत्र लिहायचे म्हणून त्यांनी तो उचलला तेव्हा तीन कोपरे जवळजवळ पांढरे झालेले होते, आणि वजनाखालचा चौथा पहिल्या दिवसासारखा पिवळाधमक. उजेडाने रंग कसे मरतात हे पाहण्यात ज्या बाईंचे आयुष्य गेले, त्यांनी इतक्या लवकर हार मानणारा रंग आपल्या कपाटात कधी ठेवला नव्हता. त्यांनी फोन करून पहिला प्रश्न हाच विचारला, की हे काय आहे.

"मग काय सांगितलंस?" मी म्हणालो.

"खरं तेच. आईने आशीर्वाद लावलाय आणि तो मसाल्याचा आहे. त्यांनी मसाल्याचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही अर्जात कसोटी विचारली आहे, तर ही घ्या. तुमच्या दिव्याखाली हा पिवळा रंग अर्धा तास ठेवायचा. इतका नाजूक रंग टिकला, तर माझी शाई टिकेल. मग चित्राला वीस मिनिटं."

"पाहिलंस," मी म्हणालो. "अट मिळाली."

"मिळाली, अहो," सौभाग्यवती म्हणाली, "पण हळदीला मिळाली."

लेखी पत्र दोन दिवसांनी आले. बाईंनी कसोटीच्या दिवशी तो रंग लावणाऱ्या व्यक्तीलाही सोबत बोलावले होते. प्रवेशाच्या यादीत पहिले नाव मुलीचे, दुसरे तिच्या आईचे, आणि तिसऱ्या ओळीत माझ्या नावाऐवजी 'एक सोबती' असे होते. मी मुलीला तो शब्द पुन्हा पाहायला सांगितला. तिने पाहिला. सोबतीच होता.

आदल्या दिवशी सौभाग्यवतीने हळद उकळून त्यात जाड कागदाच्या पट्ट्या बुडवल्या आणि त्या कपाटात, बंद दाराआड, दोरीवर वाळत घातल्या. मी देखरेखीची तयारी दाखवली. "दार उघडू नका, एवढीच देखरेख करा," ती म्हणाली.

राजवाड्याच्या दारात भेटलेल्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, करड्या स्वेटरमधल्या. त्यांनी मुलीशी हात मिळवला, सौभाग्यवतीशी दोन्ही हातांनी मिळवला, आणि माझ्यासमोर एक लाकडी तबक धरले. माझ्या खिशाला तीन पेने होती. चित्रांच्या खोलीत शाई नेता येत नाही. कारण एक थेंब उडाला तर पाचशे वर्षे वाया. तीनही पेने तबकात गेली आणि मला एक पेन्सिल मिळाली. सव्वीस वर्षांत प्रथमच मी एखाद्या कार्यालयात निःशस्त्र बसलो.

कसोटी सुरू झाली. पट्टीचा अर्धा भाग वजनाखाली, अर्धा उघडा. वर मुलीचा दिवा. तो लागला आहे हे तिने सांगितले म्हणून मानायचे, कारण त्याचा उजेड आमच्यापैकी कोणालाच दिसत नव्हता. दुसरी पट्टी खिडकीत उन्हाला ठेवलेली. बाईंनी स्वयंपाकात वापरतात तसले घड्याळ अर्ध्या तासावर फिरवले. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून अंगठ्याचे नख कुरतडत होती. ही सवय तिला दुसरीत होती, मग गेली होती.

सौभाग्यवती मात्र स्वस्थ होती. ती बाईंना मराठीत सांगत होती की हळद कापलेल्या बोटालाही लावतात. बाई जर्मनमध्ये काही सांगत होत्या. दोघींनी मान डोलावली. मुलीने भाषांतराची तयारी दाखवली तेव्हा बाईंनी हातानेच थांबवले.

घड्याळ वाजले. बाईंनी वजन उचलले, पट्टी हातमोज्यातल्या बोटांनी घेतली, भिंग लावून आधी एक अर्धा, मग दुसरा पाहिला. मग खिडकीतली पट्टी शेजारी धरली. अर्ध्या तासाच्या उन्हात तीसुद्धा किंचित फिकटलेली दिसत होती. दिव्याखालची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच होती. बाईंनी एक छापील कागद पुढे ओढला, त्यात 'वीस मिनिटे' असे पेन्सिलीने भरले, सही केली आणि त्या कपाटाकडे गेल्या.

चित्राविषयी माझी कल्पना अशी होती की ते दरवाजाएवढे असेल. प्रत्यक्षात पुठ्ठ्याच्या चौकटीतून जे बाहेर आले ते शिधापत्रिकेच्या उघडलेल्या दोन पानांएवढे. पण त्यात एवढी माणसे कशी मावली हे मला अजून कळलेले नाही. डावीकडे ती बाई एका गुडघ्यावर, दोन्ही बाळे एकाच हातात गोळा केलेली, दुसरा हात वर. तिच्या समोर तळ्यात तिघे. एकाचा पाय उचललेला, पाण्याच्या रेषा त्या पायाभोवती विस्कटलेल्या. एकाचे तोंड कानापर्यंत गेलेले. तिसऱ्याच्या बोटांत पडदा येऊ लागलेला, आणि तो त्या बोटांकडे पाहत होता. त्या तिसऱ्याचे मला वाईट वाटले. त्याने गाळ कमी ढवळला असावा.

उचललेल्या पायापाशी शाई इतकी दाट होती की कागद तिथे चिरला होता. मी मुलीला म्हणालो, "यांना विचार, ही शाई हिरडा आणि हिराकसाची आहे का." ज्या वृद्ध अर्जनवीसांच्या हाताखाली मी धंदा शिकलो ते हिरडे कुटून, त्यात हिराकस हा लोखंडाचा क्षार घालून स्वतःची शाई करीत, आणि त्यांच्या तरुणपणीचे दस्त उघडले की जिथे त्यांनी नाव ठळक काढले होते तिथे अक्षराच्या आकाराचे भोक असे. मुलीने विचारले. बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. हिराकस तेच, त्या म्हणाल्या. हिरड्याच्या जागी इथे ओकच्या झाडावरच्या गाठी. मग त्यांनी चित्र उलटे करून दाखवले. मागच्या बाजूला तो पाय पूर्ण उमटलेला होता. सोबतीने काही योगदान दिले याची नोंद मी इथे करून ठेवतो.

पडदे ओढले, घड्याळ वीस मिनिटांवर फिरले, मुलीने दिवा लावला आणि कॅमेऱ्याचे चित्र संगणकाच्या पडद्यावर घेतले. पडद्यावर आधी पाण्याच्या रेषा गेल्या. मग बाळे गेली, देवी गेली, तिघांची तोंडे गेली. टेबलावर चित्र होते तसेच होते, पडद्यावर मात्र कोरा कागद, चार डाग आणि एक घडी.

मुलगी वाट पाहत राहिली. "काही नाही," ती मराठीत म्हणाली, अगदी हळू. सौभाग्यवतीने माझा शर्ट मागून पकडला. खाली मसुदाच नसेल, चित्रकाराने एकदम शाईच टेकवली असेल, तर शेवटच्या प्रकरणात लिहायला एक कोरा कागद. हे मलाही कळत होते. सात मिनिटे गेलेली होती.

मुलीने भिंगाचे कडे एक केसभर फिरवले. "थांबा," ती म्हणाली, कोणी हललेले नसताना.

डाव्या बाजूला एक करडी रेघ आली. मग आणखी. कोळशाच्या त्या रेघा धावत्या हाताच्या होत्या, एका जागी तीन-तीनदा फिरवलेल्या. ज्या गावकऱ्याचा पाय शाईत उचललेला होता, तोच इथे पाण्यात गुडघ्यावर होता. त्याचे तोंड माणसाचे होते. दोन्ही हात त्या बाईकडे पुढे केलेले, आणि हातांत काहीतरी उथळ, गोल.

"काय आहे त्याच्या हातात?" सौभाग्यवतीने विचारले.

"शाले," बाई म्हणाल्या. मुलीने भाषांतर केले नाही. ती पडद्याकडेच पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "वाटी आहे, आई."

"म्हणजे आधी देत होता पाणी?"

"आधी देत होता."

"मग मन कोणी फिरवलं त्याचं?"

"चित्रकाराने. नंतर शाईने काढताना."

बाईंनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याजवळ वाकल्या. बावीस वर्षे ते चित्र त्यांच्या कपाटात होते, असे त्यांनी मुलीला सांगितले. त्यांनी ते बहुधा पन्नासदा बाहेर काढले असेल. मुलीने एकामागून एक छायाचित्रे घेतली. देवीच्या हाताखाली दुसरा हात निघाला, खाली असलेला. बाळांच्या जागी आधी एकच बाळ होते.

घड्याळ वाजले. मुलीने तत्काळ दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"नाइन," बाई म्हणाल्या, म्हणजे नको. पडद्यावरून नजर न हलवता त्यांनी आणखी काही म्हटले.

"परवानगी वीस मिनिटांची आहे, फ्राउ डॉक्टर," मुलगी म्हणाली. हे तिने जर्मनमध्ये म्हटले, पण मला कळले. आकडा मला कोणत्याही भाषेत कळतो. तिचे बोट बटणावरच होते. दोनदा नाकारलेल्या माणसाचा हात शब्द पाळताना असाच ताठ असतो.

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग टेबलावरचा तो छापील कागद घेतला, 'वीस' वर एक आडवी रेघ मारली, वर 'तीस' लिहिले, आणि त्या खाडाखोडीशेजारी लहान सही करून तारीख घातली. आमच्याकडे निम्म्या कारकुनांना ही सही करायची असते हे माहीत नाही. त्यांनी कागद मुलीच्या कोपराजवळ ठेवला. मुलीने तो वाचला, मान डोलावली आणि बटणावरचे बोट काढले.

मी तो कागद नीट पाहावा म्हणून पुढे झालो. एकदम पडद्यावर अंधारून आले. वाटी गेली, गुडघे गेले. बाई दचकल्या. मुलीने कॅमेरा पाहिला, तार पाहिली, आणि मग वळली.

"बाबा, दिव्यासमोर उभे आहात. बाजूला व्हा जरा."

मी बाजूला झालो.